बाविसाव्या वर्षी लिहिलेलं व्याकरण

ट्यूशन एरियातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बसा. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी तलाठीची, कुणी राज्यसेवेची. टेबलावर मराठी व्याकरणाचं एक जाडजूड गाइड हमखास असतंच. त्यात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी अशा शब्दांच्या आठ जाती असतात. मग विभक्तीचा तक्ता येतो. ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ आपण सगळ्यांनी पाढ्यासारखं घोकलंय. परीक्षा झाली की विसरलोही असू.

पण तुम्ही कधी विचार केलाय का, की हे सगळं ठरवलं कुणी? जाती आठच का? ‘बावीस’मधला ‘वी’ दीर्घ, मग वर शीर्षकात ‘बाविसाव्या’मध्ये ‘वि’ ह्रस्व का? मराठी तर हजार वर्षं बोलली जातेय. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई यांना तर कुणी विभक्तीचे प्रत्यय विचारले नव्हते.

शाळेत शिकवण्यासाठी छापलेलं, मराठीतच लिहिलेलं मराठीचं व्याकरण दोनशे वर्षांचंही नाहीये. आणि ज्या पुस्तकाने त्याचा पाया घातला, ते एका बावीस वर्षांच्या मुलाने लिहिलेलं आहे. माझंही वय आज तेवढंच आहे, म्हणून हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दोनदा वजाबाकी करून पाहिली. जन्म १८१४, पुस्तक १८३६. उत्तर बावीसच येतं.

त्यांचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. पाणिनी म्हणजे संस्कृतचं व्याकरण बांधणारा महान ऋषी. इतकी मोठी पदवी चिकटली की माणूस फोटोफ्रेममध्ये जातो आणि आपल्याला तो परका वाटायला लागतो. म्हणून आधी त्यांना फ्रेममधून बाहेर काढूया.

धूळपाटीवरची शाळा

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईतला. तर्खड हे घराण्याचं मूळ गाव वसईजवळचं, त्यावरून तर्खडकर. पेशवाई तेव्हा अजून संपली नव्हती. ती संपली १८१८ मध्ये, म्हणजे दादोबा चार वर्षांचे असताना.

त्या काळची शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. पंतोजी कुणाच्या तरी ओसरीवर मुलं जमवायचे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, त्यावर काडीने अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. पाढे, पावकी, निमकी, हिशेब आणि मोडी लिपी. छापील पुस्तक हा प्रकारच नव्हता. भाषा शिकवतात ही कल्पनाही नव्हती, कारण मराठी तर घरी येतेच, ती काय शिकायची?

इथे मोडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामी येईल. मोडी ही भराभर लिहायची लिपी. बोरू शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत जागाही सोडायची नाही. आणि मोडीत ह्रस्व-दीर्घ असा भेद पाळतच नसत. ‘इ’ एकच, ‘उ’ एकच. म्हणजे ज्या पहिली-दुसरी वेलांटीने आज आपले मार्क जातात, ती अडचण शिवकाळातल्या किंवा पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनाला नव्हतीच. पत्र वाचणाऱ्याला मजकूर कळला की काम झालं.

मग हे सगळं बदललं कशामुळे? छापखान्यामुळे. हाताने लिहिलेलं पत्र एकजण वाचतो. छापलेलं पुस्तक एकाच वेळी रत्नागिरीतला, खानदेशातला आणि पुण्यातला मुलगा वाचतो. प्रत्येक छापखान्याने आपापल्या मनासारखे शब्द छापले तर मास्तर शिकवणार काय आणि परीक्षक तपासणार काय? शिवाय सरकारने शाळेच्या पुस्तकांसाठी मोडीऐवजी बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी निवडली. बाळबोधमध्ये ‘इ’ दोन, ‘उ’ही दोन. आता प्रत्येक शब्दाला निर्णय हवा होता.

मुंबईत १८२२ मध्ये शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी एक सोसायटी सुरू झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता. सोसायटीचे एतद्देशीय सेक्रेटरी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीति’सारखी पुस्तकं मराठीत आणली. दादोबा याच सोसायटीच्या इंग्रजी शाळेत शिकले. पंतोजींच्या ओसरीवरून उठून थेट इंग्रजी वर्गात. आणि तिथे त्यांना एक नवीन गोष्ट दिसली. इंग्रज मुलं आपली स्वतःची भाषासुद्धा पुस्तकातून शिकत होती. तिचे नियम लिहिलेले होते.

समुद्रापलीकडचा एक मास्तर

थोडं थांबून अमेरिकेकडे बघूया, कारण अगदी असाच प्रश्न तिथे पन्नास वर्षं आधी पडला होता.

नोआ वेबस्टर हा कनेटिकटमधला शाळामास्तर. अमेरिका नुकतीच इंग्लंडपासून स्वतंत्र झाली होती. शाळेत पुस्तकं मात्र इंग्लंडचीच. वेबस्टरने १८८३ नव्हे, १७८३ मध्ये, पंचविशीत असताना स्पेलिंगचं एक पुस्तक छापलं. निळ्या पुठ्ठ्याचं हे पुस्तक पुढची शंभरेक वर्षं अमेरिकेच्या शाळांत चाललं, त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. मग १८२८ मध्ये त्याने सुमारे सत्तर हजार शब्दांचा कोश काढला. तुमच्या मोबाइलच्या कीबोर्डमध्ये इंग्रजीचे दोन पर्याय येतात ना, यूएस आणि यूके? ‘कलर’मध्ये यू लिहायचा की नाही, ‘सेंटर’च्या शेवटी आर आधी की ई आधी, या भांडणात अमेरिकेची बाजू पक्की केली ती वेबस्टरने. त्याचे सगळेच हट्ट मात्र चालले नाहीत. ‘टंग’ म्हणजे जीभ या शब्दाचं स्पेलिंग त्याने उच्चाराप्रमाणे सोपं करून दिलं होतं, ते लोकांनी उचललं नाही. नियम करणारा कितीही मोठा असला तरी शेवटचं मत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचं असतं, हे यातून दिसतं.

वेबस्टर आणि दादोबा यांच्यात एक मोठा फरक आहे. वेबस्टर स्वतंत्र देशात बसून, आपण राज्यकर्त्यांपेक्षा वेगळे आहोत हे दाखवायला नियम करत होता. दादोबा गुलाम देशात होते. इथे मराठीचे नियम ठरवायच्या खोलीत इंग्रज साहेब बसलेला होता.

साहेब, शास्त्री आणि एक पोरगेला मास्तर

मराठीचं एक सुरुवातीचं छापील व्याकरण इंग्रजीत होतं. विल्यम केरी या मिशनऱ्याने ते १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं. ते आपल्यासाठी नव्हतंच, मराठी शिकायला निघालेल्या कंपनीच्या साहेबांसाठी होतं. मग १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. त्याच्यासोबत जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू होते आणि शब्द गोळा करायला पंडितांची फौज होती. हा कोश आजही संशोधक उघडतात, इतका तो चांगला आहे. पण कोशात कुठला शब्द ‘चांगला’, कुठला ‘गावंढळ’ हे शेरेही आले. ते शेरे कुणाच्या कानाने दिलेले होते? मुख्यतः शिकलेल्या शास्त्री-पंडितांच्या.

अशा वेळी दादोबांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिलं आणि ते १८३६ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी गंगाधरशास्त्री फडके यांचंही मराठी व्याकरण निघालं. म्हणजे दादोबा एकटेच नव्हते, ती त्या वेळची गरजच होती. पण शाळांमध्ये रुजलं, पुन्हा पुन्हा छापलं गेलं, ते दादोबांचं.

त्यांनी केलं काय, हे समजून घ्या, कारण त्यावर तुमचा तक्ता उभा आहे. त्यांच्यासमोर दोन साचे होते. एक संस्कृतचा, शास्त्रीबुवांकडून आलेला. दुसरा इंग्रजीचा, शाळेत शिकलेला. त्यांनी दोन्हींतून जे लागलं ते घेतलं. शब्दांच्या आठ जाती ही मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरची आहे. संस्कृत परंपरेत शब्दांची अशी आठ खणांची पेटी नाही. विभक्ती मात्र संस्कृतच्या: प्रथमा, द्वितीया, तृतीया ते संबोधनापर्यंत. आज आपण जे घोकतो ते म्हणजे इंग्रजी पेटीत ठेवलेले संस्कृत डबे, आणि डब्यांत मराठी माल.

हा मेळ कुठे कुठे बसत नाही, ते तुम्हीही पाहिलंय. द्वितीयेचे प्रत्यय ‘स-ला-ते’ आणि चतुर्थीचेही ‘स-ला-ते’. मग दोन विभक्ती कशाला? असा प्रश्न कुणी क्लासमध्ये विचारला तर सर म्हणतात, पाठ कर. खरं उत्तर असं की संस्कृतमध्ये त्या दोन वेगळ्या दिसतात, मराठीत दिसत नाहीत. साचा उसना होता, म्हणून एक डबा जास्तीचा राहिला. पुढच्या व्याकरणकारांनी यावर भरपूर वाद घातलेत. तेव्हा पुढच्या वेळी हे गोंधळाचं वाटलं तर स्वतःला मठ्ठ समजू नका. तुमची शंका बरोबर आहे.

दोष सोडा, पण धाडस बघा. बावीस वर्षांचा एक तरुण, नावापुढे शास्त्री नाही, हाताशी संदर्भग्रंथ नाहीत. आणि तो म्हणतोय की माझ्या भाषेलाही नियम आहेत, ते मी लिहून दाखवतो. त्या वेळच्या विद्वानांच्या लेखी मराठी ही प्राकृत, घरात बोलायची भाषा. व्याकरण असावं तर संस्कृतला. इंग्रजांच्या लेखी ती ‘नेटिव्हां’ची बोली. दोघांनाही त्या पुस्तकाने उत्तर दिलं. शिवाय त्याच वर्षी त्यांनी मराठीत नकाशांचं पुस्तकही काढलं. मराठीतून जग शिकता आलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

मास्तरांचे मास्तर

पुस्तक लिहून ते घरी बसले नाहीत. काही काळ माळव्यातल्या जावऱ्याच्या नवाबाला शिकवलं, मग मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत मास्तरकी केली.

सुरतेला दादोबांचं दुसरं रूप दिसतं. तिथे त्यांनी दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्यासारख्या गुजराती मित्रांबरोबर २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा सुरू केली. देव एक, माणसाची जात एक, विधवेला पुन्हा लग्न करता यावं, जादूटोण्याचा धंदा बंद व्हावा, असा त्यांचा विचार. लक्षात घ्या, हे १८४४ आहे. जोतीराव फुले तेव्हा सतरा वर्षांचे होते.

बाळशास्त्री जांभेकर, म्हणजे ‘दर्पण’कार, १८४६ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. ते शिक्षक घडवणारा नॉर्मल वर्ग चालवायचे. ती जबाबदारी दादोबांकडे आली. आजच्या भाषेत डीएड कॉलेजचे प्रमुख म्हणा. इथे त्यांच्या व्याकरणाला पाय फुटले. गावोगावच्या मराठी शाळांचे होणारे मास्तर त्यांच्या हाताखाली शिकले आणि ते नियम आपापल्या गावी घेऊन गेले. नुसतं पुस्तक छापून भाषा एकसारखी होत नाही. ते शिकवणारी माणसं लागतात. वेबस्टरचं पुस्तक अमेरिकेत चाललं तेही शाळामास्तरांच्या जिवावर.

याच काळात मुंबईत दुसरं भांडण रंगलं होतं. शिक्षण इंग्रजीतून द्यायचं की मराठीतून? शिक्षण मंडळाचा अध्यक्ष एर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होता. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखी माणसं मातृभाषेच्या बाजूने उभी राहिली. पावणेदोनशे वर्षं झाली, हे भांडण तुमच्या-माझ्या घरात अजून चालूच आहे. सेमी घ्यायचं का इंग्लिश मीडियम, यावर कुठल्या घरात वाद झाला नाही?

एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये ज्ञानप्रसारक सभा काढली, तिच्या मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा होते. दर बैठकीत कुणीतरी मराठीतून निबंध वाचायचा. व्याकरणाने भाषेला सांगाडा दिला, आता तिच्यात विज्ञान, इतिहास, समाज असे विषय मावतात का, याची ती तालीमच होती. याच विद्यार्थ्यांच्या मंडळाने पुढच्या वर्षी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या.

आणि एक गुपितही होतं. मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी जमायची. तिच्या मागेही दादोबांचा विचार होता, तिथल्या प्रार्थना त्यांनी लिहिल्या होत्या. सभासद व्हायचं तर जातीबाहेरच्या माणसाच्या हातचं खावं-प्यावं लागे. तेव्हा एवढ्यावर माणूस वाळीत पडायचा. सभा गुप्त होती ती त्यामुळेच. पुढे सभासदांची यादी बाहेर गेली, नावं उघडी पडली आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली. पण विचार मोडला नाही. दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये उघडपणे प्रार्थना समाज स्थापन केला.

मधला भाऊ भास्कर तर आणखी वेगळा. त्याने १८४१ मध्ये मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून, इंग्रजी राज्य या देशाला कसं लुटतंय ते मांडलं. दादाभाई नौरोजींच्या कितीतरी आधी. एक भाऊ सरकारी शाळेत मास्तर, दुसरा सरकारवर तुटून पडणारा. १८४७ मध्ये, तिशीच्या आसपास, भास्कर गेला.

दादोबा मात्र सरकारी नोकरीतच वर चढले. १८५२ मध्ये ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तिथे भिल्लांचं बंड मोडण्यात त्यांनी भाग घेतला, आणि त्याबद्दल सरकारने रावबहादुर ही पदवी दिली. हे वाचताना मला थांबावं लागलं. माणसाची जात एक म्हणणारा माणूस साहेबाच्या बाजूने भिल्लांवर चालून जातो. आयुष्य लिहायचं तर हेही लिहायला हवं. मोठ्या माणसांना अर्धंच सांगितलं की ती खोटी वाटतात.

नियम बदलत राहिले

आता पुन्हा व्याकरणाकडे. दादोबांनी १८३६ चं पुस्तक दगडावरची रेघ मानलं नाही. १८५० मध्ये दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी ते नव्याने घडवलं. डेप्युटी कलेक्टरीतून मोकळे झाल्यावर, १८६५ मध्ये शाळेतल्या लहान मुलांसाठी ‘मराठी लघु व्याकरण’ लिहिलं. त्याच वर्षी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली. तुमच्या आजच्या भाषेत, टेक्स्टबुक लिहिणारा माणूस अख्खं आयुष्य अपडेट देत राहिला.

टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची कडक चिकित्सा केली. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ लिहून दादोबांच्या पुढे मजल मारली. पण वाद घालायलाही आधी कुणीतरी काहीतरी मांडावं लागतं. ते दादोबांनी मांडलं होतं.

दुसरीकडे सरकारी पुस्तकांवर मेजर थॉमस कँडीची हुकमत होती. कोशातले ते कँडी बंधू आठवतात ना, त्यातला हा थॉमस. शाळेची मराठी पुस्तकं त्याच्या नजरेखालून जायची. मराठी मुलाने कुठलं मराठी वाचायचं, यावर शेवटचा शिक्का एका इंग्रजाचा! आपण आज सहज टाकतो ती विरामचिन्हंसुद्धा, स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, इंग्रजीतून आली आणि ती मराठीत रुजवण्यात कँडीचा मोठा वाटा होता. त्याने भाषेला शिस्त लावली, हेही खरं. तिला जरा इस्त्री केल्यासारखं केलं, असं तेव्हाही म्हणणारे होते.

तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत १९६० च्या आधीचं एखादं पुस्तक काढून बघा. पानभर टिंबं दिसतील. ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कां’, ‘करूं’. उच्चारात नसलेली ही टिंबं शब्दाच्या जुन्या व्युत्पत्तीच्या नावाखाली दिली जायची. मुलांचे मार्क त्यावर जायचे. मग मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम केले आणि १९६२ मध्ये सरकारने ते मान्य केले. उच्चार नसलेली टिंबं एका फटक्यात गेली. १९७२ मध्ये आणखी चार नियम आले, एकूण अठरा. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘बावीस’ पण ‘बाविसाव्या’, हे त्याच अठरा नियमांच्या हिशेबात बसतं: शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना ते ह्रस्व होतं.

काल जे अशुद्ध होतं ते आज शुद्ध आहे. हे पानसुद्धा बघा. ‘केलं’, ‘असं’, ‘पुस्तकं’ ही रूपं एके काळी फक्त गोष्टीतल्या पात्रांच्या तोंडी चालायची. आज तुम्ही ती पेपरात वाचताय.

आणि आपण?

आता तुम्ही विचाराल, मुंबईच्या या मास्तरांचा लातूर-नांदेडशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जरा टोचणारा आहे.

दादोबा नियम बांधत होते तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मुंबई सरकारची पुस्तकं, शाळा, नॉर्मल वर्ग आपल्याकडे नव्हते. निजाम सरकारचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठीतून शिकायची हिंमत करणाऱ्या शाळा मोजक्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, जिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले. मुक्ती मिळाली १९४८ मध्ये. म्हणजे प्रमाण मराठी घडत होती त्या शंभर वर्षांत आपण त्या खोलीत नव्हतो. आपले शब्द, आपली क्रियापदं त्या तक्त्यात आली नाहीत, त्याचं एक मोठं कारण हे. त्यात काही उणं होतं म्हणून नव्हे.

याचा हिशेब आजही द्यावा लागतो. लातूरचं पोरगं पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासाला जातं. रूमवर सहज विचारतं, ‘काय करायलास?’ आणि समोरचे हसतात. मग ते पोरगं आठ दिवसांत ‘काय करतोयस’ शिकतं, आणि घरी फोनवर बोलताना आवाज बारीक करतं. ज्यांना हा अनुभव आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

त्यांना एवढंच सांगायचंय, की ‘करायलास’लाही व्याकरण आहे. जायलास, खायलास, बसायलास, लिहायलास. कुठल्याही क्रियापदाला लावा, तो नियमाने चालतो, कुठे चुकत नाही. जे नियमाने चालतं त्याला व्याकरण म्हणतात. दादोबांनी बाविसाव्या वर्षी संस्कृतच्या आणि इंग्रजीच्या समोर उभं राहून मराठीबद्दल नेमकं हेच सिद्ध केलं होतं.

आणि शुद्धलेखन हे काही फक्त मुंबई-पुण्याचं देणं नाही. दादोबांच्या अडीचशे वर्षं आधी, १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या हाती आलेल्या पोथ्या पडताळून एक शुद्ध प्रत तयार केली. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांनी त्याहूनही आधी ‘पंचवार्तिक’ नावाचं मराठीचं व्याकरण रचलं होतं. ते पंथाच्या पोथ्यांत राहिलं, शाळेपर्यंत पोचलं नाही, एवढंच. भाषा नीट ठेवायची काळजी या मातीतही होती.

मग प्रमाण मराठी सोडायची का? मुळीच नाही. एकसारखं लेखन नसतं तर लातूरच्या मुलीला नागपूरचं पुस्तक आणि कोल्हापूरचा पेपर सारखाच समजला नसता. छापील, परीक्षेतलं, कोर्टातलं, बातमीतलं मराठी सगळ्यांना कळावं म्हणून एक रस्ता लागतो. तो आखणाऱ्यांचे उपकार आहेतच. भरतीच्या पेपरात ‘गरिबाला’ लिहा, मार्क घ्या. पण रस्ता आखला म्हणून गल्ल्या पाडायच्या नसतात. हसणाऱ्याला पुढच्या वेळी शांतपणे विचारा, द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखे का? बघा, तो किती वेळ गप्प बसतो.

दादोबा १७ ऑक्टोबर १८८२ रोजी गेले. त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं. ते अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये दादोबांच्या चरित्रासह छापलं. पंतोजींच्या शाळा, जुनी मुंबई, सुरतेचे दिवस, सगळं त्यात आहे. परीक्षेला ते येत नाही. तरीही लायब्ररीत मिळालं तर वाचा.

आणि आपल्या भागातलं एक काम अजून कुणी पुरं केलेलं नाही. उदगीरची बोली वेगळी, अहमदपूरची वेगळी, किनवटची वेगळी. त्यांचे शब्द आणि नियम नीट टिपून ठेवायला शास्त्री असायची गरज नाही. एक वही लागते, आणि आजीशेजारी बसायला थोडा वेळ. वयाचं म्हणाल, तर बावीस पुरे.